चार बोटांची पट्टी

बू ओक-ह्यान काट्यावर उभी राहते
तेव्हा आधी खिडकीतून समुद्र पाहते,
मग मला.
आकडा मी वाचायचा.
तिला किलो कळत नाहीत असं नाही;
कमरेच्या पट्ट्यात ओवलेलं शिसं
ती नुसतं तळहातावर घेऊन सांगते
कुठला तुकडा झिजलाय.

"एकोणपन्नास होतीस, आज त्रेपन्न.
पाचवा महिना. छान चाललंय."
"छान कसलं? मी तरंगायला लागलेय."

जेजू बेटावर मी नवी,
मुख्य भूमीवरून बदलून आलेली,
दवाखान्याच्या भिंतीला तक्ते चिकटवणारी.
मला वाटायचं, जडावलेलं माणूस बुडतं.
ती हसली. बाई, उलटं असतं,
चरबी वर ओढते.
कालवांच्या तळाशी पोचायला
या महिन्यात एक तुकडा जास्त लागला.

मग मी माझं ठरलेलं बोलले:
बाळ तीन-सव्वातीन,
वार, पाणी, वाढलेलं रक्त,
आणि पुढच्या दुधासाठी अंगावर धरलेली थोडी साय.
सगळं मिळून बारा-तेरा, सावकाश.
दोन जिवांची आहेस म्हणून दोघांचं जेवू नकोस,
सूट होत नाही म्हणून उपाशीही राहू नकोस.
आणि पाण्यात जाणं बंद कर.
हे शेवटचं तिने ऐकलं
आणि वाऱ्यावर सोडलं.
इथे वारा पुष्कळ.

सहाव्या महिन्यात रबरी सूट बेंबीशी अडकला.
ह्यॉन शिंप्याने सुतळीने माप घेतलं,
दोन्ही कुशी उसवल्या
आणि चार-चार बोटांची पट्टी बसवली,
जुन्या राखाडी रबरात नवी काळीकुळकुळीत.
"बाळंत झालीस की काढून देतो,"
म्हणाला, आणि दोन्ही कामांचे पैसे
आधीच मोजून घेतले.

आठव्यात मात्र वयस्क पाणबुड्या बायकांनी
तिचा तरंगा कुठेतरी लपवून टाकला.
दोन आठवडे ती कोणाशी बोलली नाही.
किनाऱ्यावर बसून
त्यांच्या वर येण्याच्या शिळा मोजायची,
एखादी उशिरा वाजली
तर उठून उभी राहायची.

मुलगी झाली. तीन किलो दोनशे.
त्याच बायकांनी आणलेलं शेवाळ
आणि काटेरी गोळ्यांतली पिवळी गाबोळी
यांचं सूप तिने तीन वेळा प्यायलं,
रोज, नाक मुरडत.
दुसऱ्यांनी काढलेलं खायची
तिला सवय नव्हती.

चाळिसाव्या दिवशी ती काट्यावर,
मी न बोलावता.
एकसष्टवर गेली होती, आता पंचावन्न.
"बाकीचे कुठे अडकलेत?"
शेजारच्या चुन-रेने पोटाला फडकं आवळून
महिनाभर मुळ्यावर काढला होता,
तिचा सूट केव्हाच होत होता.
मी म्हटलं, चुन-रेला विचार,
परवा खडकावर डोळ्यांपुढे अंधारी आली
तेव्हा बादली कोणी धरली.
ती गप्प झाली. बादली तिनेच धरली होती.

चढायला नऊ महिने लागले, ओक-ह्यान,
उतरायला तेवढे तरी दे.
पोरगी ओढतेय दूध, ती तिचं काम करतेय.
तू दगडी कुंपणाच्या कडेने चाल,
भात सोडू नकोस,
आणि काट्याकडे महिन्यातून एकदाच ये,
उसनं मागायला आल्यासारखी रोज नको.

ती रोज आली.
मग आठवड्याने.
मग आलीच नाही, आणि मी खिडकीतून
समुद्राकडे पाहायला शिकले.

आज आली. मुलगी पाठीला बांधलेली,
वर्षाची, माझ्या तक्त्याचा कोपरा ओढणारी.
एक्कावन्न.
"दोन राहिले," मी म्हटलं.
"राहू देत. कुठे जायचंय त्यांना?"
खिशातून शिशाचा एक तुकडा काढून
तिने माझ्या वहीवर ठेवला.
नको झालाय, म्हणाली, तुझी पानं तरी उडायची नाहीत.

"आणि सूटची पट्टी? काढून घेतलीस?"
"कशाला? थंडीत आत
लोकरी बनियन मावतं."
"पण पैसे तर दिले होतेस."
ती दारात थांबली, पोर सावरत.
"ते? म्हाताऱ्याने बुडवले."